यादी काढली तेव्हा तू कुठे होतीस? : आयसाका पुणे चॅप्टर आणि माझं सिस्टिम ऑडिट

सीएच्या आर्टिकलशिपमध्ये व्हाउचिंग करताना, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघताना, इतके टिक मारले होते की सिस्टिम ऑडिटही, म्हणजे संगणक प्रणालीची तपासणीही, तसंच असणार अशी माझी समजूत होती. पहिलं काम मिळालं एका नागरी सहकारी बँकेचं. तिथे संगणक विभागाला अजूनही 'ईडीपी' (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) म्हणायचे. ईडीपीच्या साहेबांकडे कोअर बँकिंगमधल्या, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतल्या, सगळ्या युजर आयडींची यादी मागितली. दुपारपर्यंत एक्सेल फाइल मेलवर आली. एचआरकडून नोकरी सोडलेल्यांची आणि निवृत्तांची यादी घेतली, दोन्ही छापल्या आणि जुन्या सवयीने पेन घेऊन बसले. गेलेल्या माणसांपैकी एकाचाही आयडी चालू नव्हता. वर्किंग पेपरवर 'समाधानकारक' लिहिलं आणि मोकळी झाले.

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका ताईने मला आयसाका या सिस्टिम ऑडिटरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुणे चॅप्टरच्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, व्याख्यानाला ओढत नेलं. शनिवार दुपार, अर्धं डोकं झोपेत. चहाच्या वेळी शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांना मी हौसेने माझं पहिलं ऑडिट सांगितलं. त्यांनी बिस्किट बुडवता बुडवता एवढंच विचारलं, "यादी काढली तेव्हा तू कुठे होतीस?"

सोमवारी फाइल पुन्हा उघडली, या वेळी स्क्रीनवर. डावीकडचे ओळींचे आकडे निळे दिसत होते आणि 41 नंतर एकदम 47. फिल्टर लावलेला होता. मधल्या पाच ओळींत दोन आयडी निवृत्त माणसांचे, दोन्ही चालू. साहेबांनी लपवलं असं मला आजही वाटत नाही. कशासाठी तरी लावलेला फिल्टर तसाच राहून गेला होता. पण कागदावर निळे आकडे छापून येत नाहीत. रिपोर्ट अजून सहीला गेला नव्हता, म्हणून वाचले.

तेव्हापासून यादी माझ्या डोळ्यांसमोर निघते. क्वेरी चालवताना मी शेजारी बसते, सिस्टिम किती नोंदी दाखवते ते लिहून घेते, फाइलमध्ये तेवढ्याच आहेत का ते मोजते, आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवते. हे पुस्तकातही आहे. मी वाचलंही होतं.

आता संस्थेबद्दल. आयसाका 1969 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्थापन झाली, तेव्हाचं नाव 'ईडीपी ऑडिटर्स असोसिएशन'. म्हणजे आपल्या सहकारी बँकांनी तो शब्द अजून जपून ठेवलाय. सभासद व्हायचं ते मूळ संस्थेचं, आणि नोंदणी करताना जवळचं चॅप्टर निवडायचं. पुण्यात आहे तसं मुंबईतही आहे. चॅप्टरची वर्गणी वेगळी. काम बघणारी मंडळी आपापली नोकरी-धंदा सांभाळून करतात, त्यामुळे मेलला उत्तर चार दिवसांनी आलं तर रागवू नका. विद्यार्थी असाल तर सवलतीचं सभासदत्व आहे.

बहुतेक जण येतात ते सिसा (CISA) या सिस्टिम ऑडिटरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. 150 प्रश्न, 4 तास. गुण 200 ते 800 या पट्टीवर, उत्तीर्ण व्हायला 450. मी हे लिहितेय तेव्हा फी सभासदाला 575 डॉलर आणि इतरांना 760, म्हणून आधी सभासद व्हा, मग परीक्षेची नोंदणी करा. पाठांतरावर भिस्त ठेवू नका. प्रश्नसंच सोडवा आणि चुकलेल्या उत्तराचं स्पष्टीकरण वाचा. आयटीतून आलेले हुशार लोक इथेच आपटतात. समजा प्रश्न असा आहे: नोकरी सोडलेल्याचा आयडी चालू सापडला, ऑडिटरने सर्वांत आधी काय करावं? आयटीवाला म्हणतो, बंद करा. पण बंद करणं हे ऑडिटरचं कामच नाही. तो माणूस गेल्यानंतर आयडी वापरला गेला का, हे आधी बघायचं. आमच्या अभ्यासगटात या एका मुद्द्यावर एक अख्खी संध्याकाळ भांडण झालं, आणि परीक्षेत ते भांडण कामाला आलं.

नुसतं पास होऊन नावापुढे सिसा लावता येत नाही. याच क्षेत्रातल्या कामाचा 5 वर्षांचा अनुभव लागतो. पदवी किंवा इतर ऑडिटच्या अनुभवावर जास्तीत जास्त 3 वर्षांची सूट मिळते. परीक्षा आधी दिली तरी चालते, पास झाल्यापासून 5 वर्षांत अर्ज करायचा. पुढे दर 3 वर्षांत 120 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यात कोणत्याही वर्षी 20 पेक्षा कमी नको. चॅप्टरच्या कार्यक्रमांचे तास यात धरता येतात. प्रमाणपत्रं त्या त्या दिवशीच एका फोल्डरमध्ये टाका. मी डिसेंबरमध्ये रात्री दोन वाजता जुने मेल उपसलेत.

पण तासांपुरतं जाऊ नका. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले, त्याच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्या. एटीएमवरच्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत न जाता मधेच एका बनावट स्विचकडून (स्विच म्हणजे एटीएम आणि बँकेची प्रणाली जोडणारी यंत्रणा) मंजूर होत होत्या. हे वाचून बरेच जण "हॅकिंग झालं" म्हणून पान उलटतात. चहाच्या टेबलावर मात्र प्रश्न निघतो की स्विचवरचे व्यवहार आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी दर किती तासांनी जुळवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी ते कोण करतं. दुसऱ्या दिवशी ऑडिटला हाच प्रश्न विचारून बघा. माझ्यासमोर एक मॅनेजर तीन मिनिटं गप्प बसले होते.

पहिल्यांदा जाल तेव्हा नोंदणीच्या टेबलावर मदत करू का असं विचारा. बिल्ले वाटताना सगळ्यांची नावं आणि चेहरे आपोआप कळतात. ते चहावाले सर मला पुन्हा तिथेच भेटले. बिल्ला देताना निळ्या आकड्यांची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "बरं, आणि एचआरची यादी? ती कुणी काढली होती?"