सावलीतल्या भिंतीवर नेच्यांच्या कुंड्या टांगण्यापूर्वी

सावलीतल्या भिंतीवर नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, कुंड्या टांगायच्या तर तयारीच्या यादीत रोपे सर्वांत शेवटी येतात, आणि ती शेवटीच आणावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रोपवाटिकेतली हिरवी, भरगच्च रोपे पाहून मोह होतो, ती घरी येतात आणि कुंड्या टांगायची चौकट तयार होईपर्यंत कुठल्या तरी कोपऱ्यात वाऱ्यावर पडून राहतात. तेवढ्या आठवड्याभरात पानांच्या कडा करपतात, आणि मग दोष नेच्याला दिला जातो.

तयारीला सुरुवात होते ती निरीक्षणाने. निवडलेली भिंत एका मोकळ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी पाहावी आणि ऊन कुठे, किती वेळ पडते ते कागदावर टिपून ठेवावे. भर दुपारी भिंतीपासून वीतभर अंतरावर हात धरावा: सावलीची कड पुसट असेल, तर उजेड नेच्यांना मानवणारा आहे; ती रेखीव, गडद उमटली, तर तिथे ऊन जास्त आहे; आणि सावली जवळजवळ उमटलीच नाही, तर नेचे जगतील, पण वाढणार नाहीत. सकाळचे कोवळे ऊन तासभर मिळाले तर बिघडत नाही, दुपारचे मात्र नको. ऋतू बदलला की सूर्याची वाट सरकते आणि झाडाची पाने गळली की सावलीही विरळ होते, म्हणून हे टिपण वर्षातून दोनदा केलेले बरे.

उजेडाइतकाच वारा पाहावा, आणि हे बहुतेकांकडून राहून जाते. दोन इमारतींमधल्या बोळात सावली गडद असते, पण तिथला सततचा झोत पानांतला ओलावा ओढून घेतो. लंडनमधील डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांच्या बागेत शहराच्या धुरामुळे नेचे टिकत नसत. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोष ठेवलेल्या एका बंद बाटलीतल्या ओल्या मातीत मात्र नेचा आपोआप उगवला. बंदिस्त, दमट हवा या वनस्पतीला किती मोलाची आहे, हे त्या बाटलीने दाखवून दिले. आपल्याला भिंत काचेत बंद करायची नाही, पण वाऱ्याच्या बाजूला एखादी जाळी किंवा दाट झुडूप लावण्याची सोय आधीच करावी.

यानंतर वजनाचा हिशेब येतो, आणि तो कागदावर मांडल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नये. १५ सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची कुंडी, मिश्रण, रोप आणि पोटभर पाणी मिळून साधारण २ किलो भरते. आडव्या ओळीत ७ कुंड्या आणि अशा ५ ओळी धरल्या तर ३५ कुंड्यांचे ७० किलो होतात. चौकटीचे वजन निराळे. मातीच्या कुंड्या दिसायला देखण्या असतात, परंतु त्यांनी हा आकडा बराच वाढतो आणि त्या पाणीही लवकर सोडतात, म्हणून भिंतीसाठी मी प्लॅस्टिकच्याच निवडते. गिलाव्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, पोपडे सुटले किंवा आधीचीच ओल दिसली, तर ती दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पुढचे सर्व काम थांबवावे. भिंतीबद्दल शंका असेल, तर जमिनीत रोवलेल्या दोन खांबांवर चौकट उभी करणे अधिक सुरक्षित.

चौकट गंज न लागणारी हवी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळीची किंवा स्टेनलेस स्टीलची, आणि तिच्या मागे भिंतीपासून निदान ५ सेंटिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. त्या फटीतून हवा खेळली नाही, तर भिंतीवर काळी बुरशी धरते आणि ती पानांआड असल्याने दिसतही नाही. ओळंबा लावून चौकट सरळ आहे ना ते तपासावे. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि वरच्या दोन कुंड्यांच्या मधोमध खालची एक यावी अशी मांडणी करावी. प्रत्येक कुंडी एका हाताने, शेजारचीला धक्का न लावता उतरवता आली पाहिजे. कुंड्यांच्या भिंतीचा खरा फायदा हाच आहे की एखादे रोप दमले, तर त्याला खाली विसाव्याला ठेवून दुसरे वर चढवता येते.

पाण्याच्या तयारीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. माझ्या पहिल्या भिंतीवर मी पाचही ओळींत एकाच जातीचे नेचे लावले होते आणि सगळ्यांना सारखेच पाणी घालत होते. तीन आठवड्यांत वरची ओळ कुरकुरीत वाळली आणि सर्वांत खालच्या ओळीतली रोपे बुंध्याशी काळी पडून कुजली. पाणी वरून खाली झिरपते, वारा आणि उजेड वर जास्त असतो. त्यामुळे एकाच भिंतीवर, हातभर अंतराने, निरनिराळे हवामान असते. तेव्हापासून मी वरच्या दोन ओळींना पूर्ण पाणी देते आणि खालच्यांना कुंडी उचलून, तिचे वजन हाताला हलके लागले तरच. ३५ कुंड्यांना प्रत्येकी पाव लिटर धरले, तर एका वेळी सुमारे ९ लिटर पाणी लागते. ते झारीने रोज वर चढवणे होणार आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवावे. होणार नसेल, तर ठिबकची नळी आणि टायमर आताच बसवावेत. ताशी २ लिटरचा ड्रिपर साडेसात मिनिटांत पाव लिटर पाणी देतो. खालच्या ओळींना वेगळी तोटी असावी. चौकटीच्या तळाशी उताराची पन्हळ लावून निथळलेले पाणी बागेच्या मातीत न्यावे. पाणी क्षारयुक्त असेल, तर पानांची टोके तपकिरी होतात, म्हणून शक्य तिथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

भरण्याचे मिश्रण हलके, ओल धरणारे आणि तरीही मोकळे असावे. दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, एक भाग कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे खनिज दाणे, किंवा कोळशाचे बारीक तुकडे हे प्रमाण मला नेहमी लागू पडले आहे. कोकोपीटमध्ये मीठ राहिलेले असू शकते, त्यामुळे ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून मगच घ्यावे. रासायनिक खत सुरुवातीला अजिबात नको. पुढे नवी पाने येऊ लागली की वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच द्यावे. हातमोजे, कात्री, फवारणीची बाटली आणि पक्की शिडी एवढी अवजारे पुरतात.

आता रोपे. वरच्या ओळींसाठी थोडा कोरडेपणा सोसणारे होली फर्न आणि रॅबिट्स फूट, मधल्या ओळींसाठी बोस्टन फर्न, आणि खालच्या दमट ओळींसाठी मेडनहेअर, म्हणजे आपल्या हंसराजाच्या कुळातले नाजूक नेचे घ्यावेत. बर्ड्स नेस्ट फर्नच्या मध्यभागी वाटीसारखा खळगा असतो आणि त्यात सतत पाणी ठिबकले तर कोंब कुजतो, म्हणून त्याच्या डोक्यावर दुसरी कुंडी येऊ देऊ नये. खरेदीच्या वेळी पान उलटे करून पाहावे. शिरांच्या दोन्ही बाजूंना किंवा कडेला ओळीने, सारख्या अंतरावर मांडलेले तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंज. नेच्याला फूल नाही, बी नाही, त्याचा वंश यांतूनच चालतो. मात्र ठिपके वेडेवाकडे, देठावरही चिकटलेले असतील आणि नखाने खरवडल्यावर निघत असतील, तर ती खवले कीड आहे आणि ते रोप तिथेच ठेवावे. मुटकुळे करून बसलेला, लोकरीसारख्या लवेचा एखादा कोवळा कोंब मधोमध दिसला, तर रोप वाढीला लागलेले आहे असे समजावे.

आणलेली रोपे लगेच वर चढवू नयेत. भिंतीच्या पायथ्याशी, त्याच सावलीत, दोन आठवडे ती जमिनीवर राहू द्यावीत. या काळात एखादे जुने पान पिवळे पडले तर घाबरू नये. कुंडी भरताना रोप पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे, बुंधा मातीखाली गाडू नये. टांगण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्व कुंड्यांना भरपूर पाणी द्यावे आणि खालच्या ओळीपासून टांगायला घ्यावे. शेवटची कुंडी अडकवून झाली की वरच्या ओळीवर झारी धरावी आणि खाली उभे राहून प्रत्येक कुंडीच्या तळाकडे पाहावे. जिच्या भोकातून थेंब पडत नाही, ती त्याच वेळी उतरवून काडीने भोक मोकळे करावे.