भाज्यांचे काप घरी वाळवताय? या चुका टाळा

नवीन डिहायड्रेटर, म्हणजे भाजी वाळवायचं मशीन, घेतलेल्या माणसाचा फोन संध्याकाळच्या आत येतोच. "सकाळपासून लावलंय, काप अजून मऊच आहेत. तापमान वाढवू का?" नाही. वाढवू नका.

भाजी वाळते ती खेळत्या हवेने. उष्णता फक्त मदतीला असते. ५५ ते ६० अंश पुरतात, आणि गाजर-बीटाच्या पातळ कापांनाही तेवढ्यात आठ ते बारा तास लागतात. घाईने ७५-८० वर नेलं की कापाचा वरचा थर आधी कडक होतो आणि आतल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही. मोठ्या आचेवरच्या थालीपिठासारखं, बाहेरून करपलेलं आणि आत कच्चं. फरक एवढाच की थालीपीठ पहिल्या घासालाच कळतं. काप बरणीत गेल्यावर बोलतो, तोही बुरशी धरून.

आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी ऐन श्रावणात बीट-गाजराचे काप विकायला काढले. मंडईतून पिशव्या भरून माल आणला, 'शंभर टक्के नैसर्गिक' अशी लेबलं छापून घेतली, ग्रुपवर ऑर्डरी घेतल्या. मशीन ७५ वर ठेवून चार तासांत काम उरकलं आणि काप गरम असतानाच पाकिटं सील केली. उत्साह दांडगा होता, त्यात वाद नाही. आठवड्याभराने तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ग्रुपवर आपल्या पाकिटाचा फोटो टाकला. कापांवर पांढरी लव उभी. खाली एकच ओळ: "हीदेखील नैसर्गिकच का?"

पैसे परत करावे लागले. नंतर मी उरलेल्या मालातला एक काप मोडून पाहिला. कडा काडकन तुटली, मधला भाग मात्र रबरासारखा वाकला. एका मालात दोन चुका होत्या: आच जास्त आणि पाकिटबंद करायची घाई.

त्यामुळे माझी सवय सांगते. गरम काप वाळलेला असला तरी हाताला मऊ लागतो, म्हणून मशीनमध्ये बोट घालून काही ठरवायचं नाही. ट्रेच्या मधला एक आणि कडेचा एक असे दोन काप बाहेर काढायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मग मोडायचे. काडकन तुटले तर झाले. नाहीतर परत आत. पूर्ण गार झालेला माल काचेच्या बरणीत भरायचा, पण दोन-तृतीयांशच. आठवडाभर रोज एकदा बरणी हलवायची. कुठे थोडा ओलावा राहिला असेल तर तो सगळ्या कापांत सारखा पसरतो. काचेला आतून दव दिसलं तर सगळं पुन्हा ट्रेवर. बुरशी दिसली तर सगळी बरणी कचऱ्यात. वरचे चार काढून खालचे खायचे नाहीत. हा आठवडा सगळ्यांना जड जातो. यूट्यूबवर तो दाखवत नाहीत, कारण बरणी हलवण्याचा व्हिडिओ कोण बघणार?

काप सारख्या जाडीचे हवेत, तीन-चार मिलिमीटर. सुरीने होत नसतील तर स्लायसर घ्या, अभिमान बाजूला ठेवा.

गाजर तीन-साडेतीन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून लगेच थंड पाण्यात टाका, बीट आधी शिजवून घ्या. हे टाळलं तर वाळल्यावरही भाजीचा रंग-वास उतरत राहतो. भेंडी, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची यांना उकळत्या पाण्याची गरज नाही. भेंडी मात्र धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच चिरायची, हे मराठी घरात सांगावं लागू नये. तरी लागतं.

मीठ-मसाला कच्च्या भाजीच्या अंदाजाने घालू नका. किलोभर गाजराचे जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम काप उरतात, मीठ मात्र सगळं तिथेच राहतं. पौष्टिक खाऊ म्हणून केलेला पदार्थ ब्लडप्रेशरवाल्याच्या पुढ्यात ठेवायच्या लायकीचा राहत नाही. तेल तर वाळवण्याआधी लावूच नका, खवट होतं. खाताना हवं तर दोन थेंब चोळा.

दुकानातल्या भेंडीच्या चिप्ससारखं कुरकुरीत होत नाही, ही तक्रार मी ऐकून घेत नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा. त्यातल्या बऱ्याच चिप्स कमी दाबाखाली तेलात तळलेल्या असतात. नुसतं वाळवलेलं गाजर थोडं टणक लागणारच.

उन्हात वाळवणार असाल तर पुण्यात मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचे दिवस खरे. त्यानंतर वळिवाचा भरवसा नाही. गच्चीवर वरून मलमल हवीच. कबुतरं आहेत आणि शेजारच्या बांधकामाची धूळही आहे. संध्याकाळी ताटं घरात आणा, नाहीतर दिवसभर गेलेलं पाणी रात्रीच्या गारव्यात परत येतं. पालेभाज्या सावलीत, नाहीतर हिरव्याच्या पिवळ्या होतात. पावसाळ्यात गच्चीचा विचारच नको. आणि मशीनवाल्यांनो, गुरुवारी लावू नका, पुण्यात तो विजेच्या दुरुस्तीचा वार. दुरुस्तीसाठी वीज गेली तर अर्धवट वाळलेला माल कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहतो आणि आंबतो.

पावसाळ्यात उघडलेल्या बरणीतले काप सादळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वास चांगला असेल आणि बुरशीचा ठिपका नसेल, तर ६० अंशांवर अर्धा तास ठेवा, गार करा, छोट्या बरण्यांत भरा आणि कपाटात अंधारात ठेवा. खिडकीत मांडलेलं गाजर सुरेख दिसतं, पण महिन्या-दोन महिन्यांत फिकं पडतं.