शँटिली लेस : मागायची कशी, ओळखायची कशी, शिवायची कशी

लग्नसराई लागली की जळगावच्या फुले मार्केटात कुठलीही फुलाफुलांची जाळी "शँटिली आहे ताई" म्हणून पुढे टाकतात. माझी मामी तर म्हणते, "बठ्ठं एकच शे व माय." एकच नाहीये ना पण, आणि ब्लाऊज शिवून झाल्यावर कळून काय उपयोग.

शँटिली हे पॅरिसच्या उत्तरेकडच्या एका गावाचं नाव. फ्रेंच लोक 'शाँतियी' असं काहीतरी म्हणतात, पण आपण दुकानात शँटिलीच म्हणायचं, नाहीतर दुकानदार आपल्याकडेच बघत बसेल. नेटवर शोधताना 'लेस' शब्द जोडा, नुसतं शँटिली टाकलं तर फेटलेली गोड क्रीम येते, तिलाही याच गावाचं नाव. १७व्या शतकापासून तिकडे लाकडी बॉबिनवर धागे गुंडाळून, ते एकमेकांत गुंफून ही लेस करायचे आणि गाजली ती काळ्या रेशमाची. १९व्या शतकात तर बराचसा माल नॉर्मंडीत बायो गावाकडे व्हायचा, तरी नाव शँटिलीच, म्हणजे पैठणी कशी येवल्यात विणतात पण नाव पैठणचं, तसं. आता फ्रान्समधली चांगली लेस कॅले आणि कोद्री या भागात लिव्हर्स नावाच्या लेस विणायच्या जुन्या मशीनवर होते. आपल्याकडे मिळते ती बहुतेक नायलॉन-पॉलिस्टरची, म्हणून मी गिऱ्हाईकाला 'शँटिली टाइप' असंच सांगते, उगाच फ्रेंच म्हणून भाव लावायचा नाही.

ओळखायची कशी तर कापड हातावर धरा. मागची जाळी एकदम बारीक, मऊ, आणि फुलांच्या कडेने जरा जाड पण चपटा धागा फिरलेला दिसला पाहिजे. हाच धागा उठावदार, दोरीसारखा हाताला लागला तर दुकानात तिला कॉर्डेड म्हणतात, किंवा आलाँसाँ. (खरी आलाँसाँ हाताने सुईवर करतात, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती.) आणि जाळीच नाही, फुलाला फूल बारीक दांड्यांनी जोडलंय, तर ती गिप्यूर, आपल्या बाजारातली 'जीपीओ लेस' म्हणतात ती. पोस्टाचा काही संबंध नाही हं तिथे.

आता शिवणं. शँटिलीच्या कडेला कंगोरे असतात आणि त्यांच्या टोकाला पापणीच्या केसांसारखे बारीक धागे. ते दोरे निघालेत समजून कापू नका, शोभाच ती आहे. माझ्या पहिल्या ब्लाऊजचे एका टेलरने सगळे साफ करून दिले होते आणि वर "फिनिशिंग केलं ताई" म्हणाला, काय बोलणार. कंगोरा बाहीच्या किंवा ओढणीच्या काठावरच येईल असं कटिंग करा, आत दुमडला की पैसे वाया. जोड द्यायचा तर सरळ शिलाई मारू नका, फुलाच्या कडेकडेने कापा, दुसऱ्या तुकड्यावर फूल चढवा आणि हाताने बारीक टाके घाला, जोड दिसतच नाही. मशीनवर जाळी दातात ओढली जाते, तर खाली बटर पेपर ठेवा, नंतर फाडून टाका, सुई बारीक आणि नवी. अस्तर अंगाच्या रंगाचं लावलं की नक्षी उठून दिसते, पण मे महिन्यातलं लग्न असेल तर अस्तर कॉटनचंच घ्या, भुसावळच्या उन्हात सॅटिन अस्तर घालून बघा म्हणजे कळेल.

इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती फडकं टाकून, अगदी कमी गरम, आधी एका तुकड्यावर बघून घ्या कारण नायलॉन चटकन आकसतं. धुताना पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. आणि जरीच्या साडीवर हिचा ब्लाऊज असेल तर हातातल्या बांगड्या आधी काढून मगच घाला, जाळी अडकली की एक धागा ओढला जातो आणि अख्खं फूल चुरगळून बसतं.