सामान नेण्याआधी एक फोन करा

जुने कपडे, पुस्तकं, खेळणी संस्थेच्या दारात नेऊन ठेवण्याआधी फोन करून विचारा, "सध्या तुम्हाला काय हवंय?" उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असतं: मोठ्या माणसांचे डायपर, प्रिंटरचा कागद, नाहीतर गाडीभाडं. न विचारता आलेल्या गाठोड्यातून चेन तुटलेली पँट, जोडी हरवलेला बूट, मुदत संपलेलं औषध निघतं आणि ते निवडण्यात कार्यकर्त्यांचा अख्खा दिवस जातो. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनारी भागात मदतीचे जुने कपडे असेच रस्त्याकडेला ढिगाने पडून होते. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

पैसे द्यायचे असतील तर रक्कम लहान असली तरी चालेल, पण दरमहा द्या. वीजबिल आणि पगार महिन्याच्या महिन्याला भरावे लागतात. कधीतरी येणाऱ्या मोठ्या देणगीच्या भरवशावर ते ठरवता येत नाहीत. संस्थेवर विश्वास असेल तर "अमुकच कामासाठी" अशी अटही घालू नका. पावती मात्र जरूर मागा, आणि गेल्या वर्षीचा ताळेबंदही.