जुन्या बाजाचा हेवी मेटल अल्बम स्वतः कसा काढावा

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मेटलचा आवाज प्लगइन (संगणकावरचं आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) लावून मिळत नाही. चौघांनी एका खोलीत एकत्र वाजवलं, गेन (गिटारचा आवाज फाटवणारी तीव्रता) कमी ठेवला आणि मोजकेच माइक लावले, तर तो मिळतो. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा १९७० चा पहिला अल्बम जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला होता. त्यांच्या गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली होती. पुढे तो तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवू लागला. कारखान्यांच्या गावातून आलेलं हे संगीत फाउंड्रीच्या कोल्हापुरात परकं वाटायचं कारण नाही.

आधी गाणी, मग हंगाम

आठ गाणी, एकूण ३८ ते ४२ मिनिटं. एलपी तबकडीच्या एका बाजूवर साधारण २२ मिनिटांपेक्षा जास्त भरलं की आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि बास पातळ होतो, म्हणून त्या काळचे अल्बम आटोपशीर असत. एलपी छापणार नसलात तरी ही मर्यादा पाळा. कच्चं गाणं आपोआप बाहेर पडतं.

रेकॉर्डिंग डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. इथल्या पावसाळ्यात दमट हवेने गिटारची मान हलते, सकाळी लावलेला सूर दुपारी टिकत नाही. गणेशोत्सवाचे दिवस तर सोडूनच द्या. मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमचा बास भिंतीतून आत येतो, आणि तो काढायला गेलात तर तुमचा किकही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) त्याच्याबरोबर जातो.

खोली आणि वीज

कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातला गाळा ऐसपैस असतो, पण शेजारी लेथ चालू असेल तर उपयोग नाही, आणि पत्र्याचं छत स्नेअरच्या (खाली तारा लावलेल्या लहान ड्रमच्या) प्रत्येक ठोक्याला झणझणतं. १२ × १५ फुटांची स्लॅबची खोली त्यापेक्षा बरी. भिंतींवर नुसत्या गोधड्या टांगू नका. त्यांनी सिंबलची चमक मरते, बास मात्र कोपऱ्यांत तसाच घुमत राहतो आणि सगळं गढूळ ऐकू येतं. २ × ४ फुटांच्या लाकडी चौकटीत ४ इंच जाड रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज तंतूंची गादी) भरा, वर सुती कापड ताणा आणि अशा चौकटी कोपऱ्यांत उभ्या करा. सहा पुरतात. भरताना हातमोजे आणि मास्क हवाच.

जुन्या पेठांतल्या घरांत अर्थिंग बरेचदा नसतं किंवा नावापुरतं असतं. अ‍ॅम्प गुणगुणतो तो त्यामुळे. वायरमनकडून अर्थिंग नीट करून घ्या. ही गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही तोडू नका. काचेच्या नळ्यांच्या (व्हॉल्व्ह) अ‍ॅम्पच्या आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. आवाज तरीही राहिला तर डीआय बॉक्सवरचा (वाद्य थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट हा खटका वापरा.

ड्रम: चार माइक

आठ इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) घ्या: ड्रमला चार, गिटारला दोन, बास गिटारला एक, आणि बाकीच्यांना अंदाज यावा म्हणून गायलेल्या कच्च्या आवाजाला एक. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास थांबू द्या. डिजिटलमध्ये पातळी फुटली की ती परत जुळत नाही.

एक माइक किकला, एक स्नेअरला. तिसरा स्नेअरच्या बरोबर वर साधारण ४० इंचांवर. चौथा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉम ड्रमच्या) पलीकडे, टॉमच्या काठापेक्षा थोडा वर, स्नेअरकडे तोंड करून. आता स्नेअरच्या मधोमध दोरीचं एक टोक धरा आणि या दोन्ही माइकपर्यंतचं अंतर अगदी सारखं करा. ही पायरी चुकली की स्नेअर दोन वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो आणि पोकळ वाजतो. खात्री करायला सगळं मोनोमध्ये (एकाच चॅनलवर) ऐका. तिथे स्नेअर बारीक झाला तर दोरी पुन्हा लावा.

क्लिक (कानात वाजणारा लयीचा ठोका) फक्त सुरुवातीच्या मोजणीपुरता. कोरसला लय किंचित चढते, ती चढू द्या. नंतर ठोके संगणकातल्या लयीच्या ग्रिडवर सरकवले की अल्बम २०१० नंतरचा वाटू लागतो, मग गिटार कितीही जुनी असो.

गिटार

सगळ्यात जास्त चूक इथेच होते: गेन. एकट्याने वाजवताना दणदणीत वाटणारा गेन बँडमध्ये नुसती चरचर होतो, कारण पिकचा आघातच त्यात बुडतो. गेन ४ ते ५ वर, मिड ६ ते ७, बास ४. अ‍ॅम्पचा आवाज मात्र मोठा ठेवा. आणखी धार हवी असेल तर पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल लावा, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. शुअर एसएम ५७ हा माइक स्पीकरच्या जाळीला टेकवा, स्पीकरची मधली टोपी जिथे कोनला मिळते त्या रेषेवर. आवाज टोचला तर एक इंच बाहेर सरकवा. इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक हलवून पाहायचा.

रिदम गिटार दोनदा वाजवा आणि एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवा. तोच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, नुसती पातळी वाढते. दुसऱ्यांदा वेगळी गिटार मिळाली तर फारच छान.

बास गिटार लपवू नका. ८०० हर्ट्झच्या आसपास थोडा उचला, तारेची खरखर ऐकू येऊ द्या. गायनाला दोन सेकंदांचा प्लेट रिव्हर्ब (धातूच्या पत्र्यासारखी घुमणारी गूंज) पुरे.

मिक्स आणि मास्टर

ड्रमचे ठोके सॅम्पलने (आधीच रेकॉर्ड केलेल्या तयार ठोक्यांनी) बदलू नका. शेवटच्या लिमिटरने (उंच ठोके दाबणाऱ्या साधनाने) दोन-तीन डेसिबलच दाबावं, एकूण पातळी उणे ११ ते १२ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) उणे १. स्पॉटिफाय मोठा मास्टर उणे १४ पर्यंत खाली आणतं, त्यामुळे जास्त दाबून आवाज मोठा होत नाही, ठोक्यांचा दम तेवढा जातो.

कव्हर आणि प्रकाशन

बाबुराव पेंटर यांनी सिनेमाची पोस्टरं हाताने रंगवली त्या कोल्हापुरात कव्हर संगणकावर जुळवून काढू नये. कला महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला रीतसर पैसे देऊन १८ × १८ इंचांचं चित्र करून घ्या, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढा आणि फाइल ३००० × ३००० पिक्सेलची ठेवा.

डायमंड हेड या इंग्लिश बँडने १९८० मध्ये पहिला अल्बम स्वतःच काढला होता, साध्या पांढऱ्या कव्हरात. आज गाणी ऐकण्याच्या ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरण सेवा आयएसआरसी (प्रत्येक गाण्याचा) आणि यूपीसी (अल्बमचा) क्रमांक बहुधा स्वतःच देतात. त्याआधी कोणत्या गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा, हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. बँडकॅम्प या संगीत विकण्याच्या साइटवरही ठेवा, डिजिटल विक्रीतून ते सुरुवातीला १५ टक्के घेतात. अपलोड चार आठवडे आधी करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पोहोचावं लागतं, आणि नावातलं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त व्हायलाही दिवस जातात.