हँडलची भोकं टेपनं मोजून पाडू नका: जिग असं करा, असं वापरा

किचन ट्रॉल्या बसल्या, बिजागऱ्या जुळवून झाल्या, आता ‘फक्त हँडलं’ राहिली. अशा वेळी मिस्त्री टेप आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक शटरवर, म्हणजे कपाटाच्या दारावर, नव्यानं माप टाकायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा. १२ शटरं म्हणजे २४ भोकं आणि प्रत्येक भोकाला दोन मापं. ४८ वेळा कुणीच बिनचूक मोजत नाही. शेजारशेजारच्या दोन हँडलांत एक मिलिमीटरचा फरक पडला, तरी ओट्यासमोर उभं राहिल्यावर तो डोळ्यांत खुपतो. उलट सगळीच्या सगळी हँडलं ठरल्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली बसली, तर कुणाला पत्ताही लागणार नाही. जिग म्हणजे भोकांची जागा पक्की करणारा साचा. त्याचं काम तेवढंच आहे: चूक असेल तर ती सगळीकडे सारखी असावी.

जिग करण्याआधी हँडलं हातात हवीत. फोटोवरून किंवा दुकानदारानं सांगितलेल्या मापावरून जिग करायचं नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा बोहरी आळीत दुकानदार इंचात बोलतो, पाकिटावर मिलिमीटर छापलेले असतात आणि मिस्त्री सुतात मोजतो. हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर सहसा ३२च्या पटीत असतं: ९६, १२८, १६०, १९२. ‘चार इंची’ म्हणून दिलेलं हँडल बऱ्याचदा ९६ मि.मी.चं निघतं आणि खरे चार इंच म्हणजे १०१.६. या फरकात स्क्रू बसत नाही. एक सूत म्हणजे तीन मि.मी.हून थोडं जास्त, तेव्हा या कामापुरतं सूत विसरा. एक साधा व्हर्निअर, म्हणजे सरकत्या जबड्याची मोजपट्टी, घ्या. भोकाचा मध्य नजरेनं शोधत बसू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या मापाची असली की तेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर.

जागा ठरवण्यात फार वेळ घालवू नका. ओट्याखालच्या शटरला वरचा कोपरा, वरच्या कपाटाच्या शटरला खालचा, दोन्हीकडे बिजागरीच्या विरुद्ध बाजूला. उभ्या कडेपासून ४० ते ५० मि.मी. आत. हँडल मास्किंग टेपनं चिकटवा आणि घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला हात लावून बघू द्या. आर्किटेक्टला नंतर विचारा.

जिगसाठी १८ मि.मी. प्लायचा उरलेला तुकडा पुरतो. दोन लगतच्या कडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, असल्या पाहिजेत. त्या दोन्ही कडांवर ४० मि.मी. रुंद पट्टी अशी ठोका की ती तुकड्याच्या दोन्ही अंगांना सारखी बाहेर येईल. जिग शटरच्या कोपऱ्यावर टोपीसारखं बसतं, पालथं केलं की समोरच्या कोपऱ्यावर बसतं आणि फिरवलं की खालच्या. डाव्या-उजव्या शटरांसाठी वेगवेगळी जिगं करणारे लोक मी पाहिलेत. दोन जिगं केली की दोन वेगळ्या चुका आल्या.

आता जिगमधली भोकं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीनं, आणि इंटरनेटवरचे सल्ले ही पायरी ‘दोन भोकं पाडून घ्या’ एवढ्यावर उरकतात. मापं टाकणं अवघड नाही, भोक सरळ पाडणं अवघड आहे. हातातलं ड्रिल कितीही सांभाळलं तरी दोनेक अंश कलतं. १८ मि.मी. जाडीत दोन अंश कललेलं भोक आत शिरतं त्या जागेपासून बाहेर पडेपर्यंत सुमारे ०.६ मि.मी. सरकतं. म्हणजे जिगच्या एका अंगाला भोक कडेपासून ४५वर असेल, तर दुसऱ्या अंगाला ४५.६वर. एकाच बाजूची शटरं केलीत तर हे कधीच कळणार नाही. जिग पालथं करून जोडीचं शटर केलंत की लगेच दिसतं. वरचं आणि खालचं भोक उलट दिशांना कललं असेल, तर आणखी कठीण: एका अंगाला अंतर १२८, दुसऱ्या अंगाला १२९ च्या पुढे. मग डाव्या शटरांना हँडल अलगद बसतं, उजव्या शटरांना स्क्रू ओढूनताणून घालावा लागतो आणि मिस्त्री हँडलच्या कंपनीला शिव्या देतो.

म्हणून जिगची भोकं हातानं पाडू नका. उभ्या ड्रिल मशीनवर पाडून घ्या. फॅब्रिकेशनच्या कुठल्याही दुकानात ते असतं, भोसरीकडे राहत असाल तर गल्लीगल्लीत सापडेल. तिथेच पाच मि.मी. आतल्या व्यासाचे स्टीलचे दोन बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या, ठोकून घ्या. लेथवाला ते करून देतो. बुशशिवाय चालेल का? चार-सहा शटरं चालेल. त्यापुढे ड्रिल बिट प्लायमधलं भोक खात जातं आणि शेवटचं शटर पहिल्यासारखं येत नाही.

मग उलटापालट करून बघा. ही तपासणी झाल्याशिवाय जिग शटरजवळ नेऊ नका. सनमायका लावलेले प्लायचे दोन तुकडे घ्या. एकाच्या उजव्या कोपऱ्यावर जिग ठेवून भोकं पाडा, जिग पालथं करून दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावर पाडा. आता दोन्ही तुकडे सनमायकाची तोंडं एकमेकांकडे करून कडा जुळवून धरा आणि पाच मि.मी.ची बिट हातानं आरपार सरकवा. दोन्ही भोकांतून अडकल्याशिवाय गेली, तर जिग चांगलं. अडली तर ते जिग फेकून द्या. कानस मारून, भोक मोठं करून ‘ॲडजस्ट’ करायला जाऊ नका. सैल झालेलं जिग असून नसल्यासारखं.

बाजारात ॲल्युमिनियमची सरकत्या बुशची तयार जिगं मिळतात. रोजचं काम असेल तर घ्या, पण माप बदललं की प्रत्येक वेळी हीच तपासणी करा, कारण त्यांचे स्क्रू ढिले होतात. प्लास्टिकची भोकं असलेलं जिग फुकट मिळालं तरी नको.

प्रत्यक्ष भोकं पाडायला मिनिटाचं काम आहे. जिग नेहमी शटरच्या पुढच्या बाजूला लावा, मागे टाकाऊ प्लायचा तुकडा द्या आणि दोन्ही मिळून शिकंजा आवळा. मागचा तुकडा विसरलात तर बिट बाहेर पडताना आतल्या लायनरचा (शटरच्या आतल्या बाजूच्या पातळ सनमायकाचा) टवका उडतो आणि तो दर वेळी शटर उघडलं की दिसतो. बिट आधी बुशमध्ये घाला, मग ट्रिगर दाबा. ॲक्रेलिक शटर असेल तर वरची फिल्म हँडल बसेपर्यंत काढू नका.

ट्रॉली आणि ड्रॉवरच्या फ्रंटला कोपऱ्याचं जिग चालत नाही, कारण तिथे मध्य लागतो. प्लायच्या लांब तुकड्यावर वरच्या कडेला पट्टी ठोका, मधोमध एक रेघ मारा आणि त्या रेघेपासून दोन्हीकडे निम्म्या निम्म्या अंतरावर भोकं घ्या. फ्रंटचा मध्य प्रत्येक वेळी नव्यानं काढा, कारण रुंदी मिलिमीटरभर इकडेतिकडे असतेच. दोन्ही कडांपासून तेच माप टाका आणि दोन खुणांच्या मधोमध रेघ ओढा. एकाखाली एक तीन ट्रॉल्या असतील आणि शेवटची खोल असेल, तर तिचं हँडल उंचीच्या मध्यावर नको. वरच्या दोघींइतक्याच अंतरावर, वरच्या कडेजवळ लावा. खोल ट्रॉली वाकून मधोमध धरायला कुणालाच आवडत नाही.

स्क्रू एम-४चे, म्हणजे चार मि.मी. जाडीचे. हँडलबरोबर येणारा २५ मि.मी.चा स्क्रू १८ मि.मी. प्लाय आणि दोन्ही बाजूंच्या सनमायकाला पुरतो. लाकडी ड्रॉवरला आतली १२ मि.मी.ची फळीही असते, तिथे ४० मि.मी.चा लागतो. तो आत जाऊन टेकला आणि हँडल तरीही हलत असलं, तर स्क्रू लांब आहे. कापण्याआधी त्यावर एक नट चढवा, हॅक्सॉनं कापा आणि नट काढून घ्या, म्हणजे आटे साफ राहतात. शेवटचे दोन आटे हातानंच आवळा. ड्रिलनं आवळलं की जस्ताच्या हँडलमधले आटे जातात आणि ते हँडल मग नवीनच आणावं लागतं.