पाइप नाही, टाकी नाही, तरी गाडी चकाचक: रिन्सलेसवर येताना हे सांभाळा

नाशिकमध्ये घरोघरी जाऊन गाड्या धुणाऱ्या आपल्या पोरांसाठी लिहितोय. रिन्सलेस म्हणजे बादलीभर पाण्यात खास लिक्विड घालून त्यात भिजवलेल्या टॉवेलने गाडी पुसायची, नंतर पाण्याने धुवायची नाही. यावर लिहायचं कारण सगळे एकच विचारतात, दादा पाणी न मारता फडका फिरवला तर चरे नाही पडत का. चुकीचं केलं तर पडतात, माझ्या हातूनही पडलेत आणि ते पुढे सांगतोच. पण नीट केलं तर पाइपने धुण्यापेक्षा गाडी जास्त चांगली निघते हे मी रोज बघतोय.

आधी माझ्याकडे ईको व्हॅनमध्ये २०० लिटरची टाकी, प्रेशर वॉशर आणि जनरेटर असायचा. २०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो, ते घेऊन पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोडला जायचं, आणि तिथे गेल्यावर वॉचमन काका म्हणणार चेअरमन साहेबांनी सांगितलंय बेसमेंटमध्ये पाणी मारायचं नाही. त्यांचंही बरोबर आहे, पाणी साचतं, लिफ्टपर्यंत ओघळ जातात, उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत कुणी पाइप लावलेला बघितला की लोकांचं डोकं फिरतंच. साधा प्रेशर वॉशर मिनिटाला ६-७ लिटर पाणी ओढतो, म्हणजे दहा मिनिटं ट्रिगर दाबला की ६०-७० लिटर गेलं. आता एका गाडीला दहा-बारा लिटरमध्ये सगळं होतं, टायर धरून, आणि सामान अ‍ॅक्टिव्हावर मावतं.

रिन्सलेस काम कसं करतं ते आधी डोक्यात बसवा. या लिक्विडमध्ये पॉलिमर असतात, ते मातीच्या कणांना गुंडाळून धरतात आणि कण आणि पेंट यांच्यात निसरडा थर तयार करतात, त्यामुळे कण पेंटवर न घासता टॉवेलमध्ये उचलला जातो. फेस जवळजवळ येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वापरताना वाटतं की हे काही काम करत नाहीये, तसं काही नाही. आणि कार शाम्पू पातळ करून हेच करता येईल का, तर नाही, शाम्पू धुवून काढावाच लागतो. वॉटरलेस पुन्हा वेगळं, ते डायरेक्ट स्प्रे करून पुसायचं असतं, अगदी हलक्या धुळीपुरतं ठीक.

प्रमाण मोजूनच घ्या. ऑप्टिमम नो रिन्स, ज्याला सगळे ओएनआर म्हणतात, त्याचं धुण्याचं प्रमाण १:२५६ आहे, म्हणजे ८ लिटर पाण्याला साधारण ३० मिली. दुसरं कुठलं घेतलं तर त्याच्या बाटलीवरचं प्रमाण पाळा. मी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून ठेवलीय, झाकणाने अंदाजे ओतणं बंद केलं. थोडं जास्त टाकलं तर जास्त साफ होईल असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटं, काचेवर ओरखडल्यासारखे धुरकट पट्टे राहतात आणि तेच पुसत बसावं लागतं.

आता टॉवेल. सगळा खेळ टॉवेलचा आहे, लिक्विड कुठलं घेतलं याच्यावर पोरं तासभर बोलतात आणि टॉवेल मात्र चारच घेऊन फिरतात. एका हॅचबॅकला मी धुवायला ७ मायक्रोफायबर टॉवेल काढतो, एसयूव्हीला ९-१०, ३००-४०० जीएसएमचे (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम), कडेला शिलाईची जाड पट्टी नसलेले. सातही टॉवेल बादलीत आधीच भिजत घालायचे. एक काढायचा, हलका दाबायचा, पिळायचा नाही, थेंब गळत राहिले पाहिजेत. दोनदा दुमडला की ८ बाजू मिळतात. एका बाजूने एक पट्टा, मग बाजू बदलायची. आठ बाजू संपल्या की तो टॉवेल वेगळ्या पिशवीत, परत बादलीत अजिबात नाही. म्हणून शेवटच्या टॉवेलपर्यंत बादलीतलं पाणी स्वच्छ राहतं. एकच स्पंज बादलीत बुडवून बुडवून गाडी पुसणारे खूप बघितलेत, तुम्ही एकदा टपाचा फक्त एक पट्टा पुसून टॉवेलची बाजू उलटी करून बघा, मधोमध करडा पट्टा आणि कडेला काळ्या रेतीचे बारीक कण चिकटलेले दिसतात, बोटाने चोळले तर करकरतात. ते कण परत बादलीत घालून बॉनेटवर घ्यायचे का, एवढंच स्वतःला विचारा.

पण टॉवेल लावायच्या आधी फवारणी, आणि ही पायरी कधीही सोडू नका. शेतीचं सामान मिळतं त्या दुकानात २ लिटरचा हातपंप मिळतो, कुंड्यांवर फवारायचा तो, त्यात २ लिटर पाणी आणि ८ मिली लिक्विड. टायर आणि रिम आधी उरकून घ्या, त्याची बादली, ब्रश, फडके सगळं वेगळं, कारण ब्रेकच्या भुकटीत लोखंडाचे कण असतात. मग पूर्ण गाडी न भिजवता दोन-तीन पॅनल, म्हणजे बॉनेट, दरवाजा असे बॉडीचे भाग, भिजवा, खालची बाजू जास्त, मिनिटभर थांबा, माती ओघळायला लागलेली दिसते. पक्ष्यांची घाण किंवा झाडाचा चिकट डाग असेल तर तिथे ओला टॉवेल पाच मिनिटं ठेवून द्या, नखाने खरवडू नका. मग टप, काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, डिकी, आणि सगळ्यात शेवटी बंपर आणि दरवाज्यांची खालची पट्टी. हात सरळ रेषेत, गोल गोल नाही, आणि दाब फक्त टॉवेलच्या वजनाचा. पॅनल झालं की लगेच त्यावर हलका फवारा मारून मोठ्या ड्राय टॉवेलने पुसून घ्यायचं, पुढच्या पॅनलवर जायच्या आधी.

माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या महिन्यात कॉलेज रोडला एक काळी सेडान होती, मालकाला ऑफिसला निघायचं होतं, मी घाईत खालच्या पट्टीवर फवारा न मारता तोच दरवाज्याचा टॉवेल खाली ओढला. पुसताना काही कळलं नाही, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा हातभर लांब बारीक चऱ्यांची जाळी दिसली. मालकाला तिथेच दाखवलं आणि रविवारी जाऊन दोन्ही दरवाजे स्वतः पॉलिश करून दिले, एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून खालच्या पट्टीला दोनदा फवारा आणि वेगळा टॉवेल, मग मालक डोक्यावर उभा असला तरी.

आणि काही गाड्यांना नाहीच म्हणायचं. पावसाळ्यात दिंडोरी किंवा पिंपळगावकडच्या मळ्यातून आलेली गाडी, काळ्या मातीचा थर वाळून चाकाच्या कमानीत गोळे झालेत, त्याला रिन्सलेस लावणं म्हणजे गाडीवर अत्याचार आहे. त्याला आधी पाण्याचा मारा हवाच, मी त्या मालकांना सरळ सांगतो की आधी एखाद्या वॉशिंग सेंटरला नुसतं पाणी मारून आणा, मग पुढचं मी करतो. सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्त्यांची कामं निघालीत, तिथली सिमेंट-खडीची धूळ दिसायला हलकी पण खरखरीत असते, त्या गाड्यांना फवारा दुप्पट आणि दोन टॉवेल जास्त.

ऊन आणि बोअरचं पाणी ही दुसरी डोकेदुखी. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेनऊनंतर उघड्यावर काम घेऊ नका, हाताची मागची बाजू बॉनेटवर ठेवा, चटका बसला तर सावलीत घ्या किंवा थांबा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, पॅनल आपोआप वाळलं की पांढरे गोल डाग बसतात आणि काळ्या गाडीवर ते लगेच दिसतात, म्हणून मी घरून नळाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून नेतो. दहा-बारा लिटरच लागतं ना, मग दुसऱ्याच्या पाण्यावर कशाला अवलंबून राहायचं.

गिऱ्हाईकाला पटवायचं कसं, तर बोलून नाही पटत. इंदिरानगरच्या एक काकू म्हणाल्या, अरे बाळा नुसतं पुसून जाशील आणि धुतल्याचे पैसे घेशील होय. मी म्हटलं काकू, पाच मिनिटं थांबा, बॉनेटचा अर्धा भाग करतो, नाही पटलं तर पैसे देऊ नका. अर्धा केला, टॉवेल उलटा करून दाखवला, खाली फरशी कोरडी. आता त्यांच्या बिल्डिंगमधल्या सहा गाड्या माझ्याकडे आहेत. आणि रेट पाण्याच्या हिशोबाने कमी करू नका, पाणी वाचलं तरी तुमचा तास आणि टॉवेल तेवढेच लागतात.

घरी गेल्यावर टॉवेल त्याच दिवशी धुवा, वाळून कडक झाले की कण आतच बसतात. आधी बादलीत खळबळून माती काढायची, मग मशीनमध्ये साधं लिक्विड डिटर्जंट, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, त्याने मायक्रोफायबर पाणी ओढायचं बंद करतो. घरच्या सुती कपड्यांसोबत टाकले तर कापसाचे तंतू चिकटतात आणि मग काचेवर येतात. वाळवायला सावली. जमिनीवर पडलेला टॉवेल, मग तो आजच नवीन काढलेला का असेना, त्या दिवशी पेंटला लावायचा नाही, मी त्याच्या कोपऱ्यावर मार्करने फुली मारून टायरच्या पिशवीत टाकतो आणि तो परत वर येत नाही.